पाटाखालचं वावर

हेमकांतला दिवसभर कुणी नावाने हाक मारत नसे. वैमानिक तयार करणाऱ्या एका खासगी संस्थेची तापीच्या बाजूला धावपट्टी आहे, तिथल्या टॉवरमध्ये तो कंट्रोलर. वर उडणारी पोरंपोरी त्याला ‘टॉवर’ म्हणत आणि तोही त्यांना विमानाच्या नंबरने ओळखे. बोलणं अखंड, पण ठरलेलं. वारा कुठून, उंची किती, उतरायला मोकळीक. त्यात ‘जेवलास का’ कुठे बसणार? संध्याकाळी नंदुरबारच्या भाड्याच्या खोलीवर गेला की कुकरच्या शिटीखेरीज आवाज नाही. बेचाळिशीचा गडी, लग्न जमता जमता राहिलेलं. रविवारी दुपारी तर तो उगाच दोनदा कपडे धुवायचा.

बरं, घर काय लंकेत होतं? कोरीट, मोटारसायकलने अर्धा-पाऊण तास. तिथे वडील, प्रेमचंदआबा, तेही एकटेच. पण दोन वर्षं हा तिकडे फिरकला नव्हता आणि फोनही नाही. दोघंही हट्टाला पेटलेले.

झालं होतं असं, की हेमकांतची आई रुक्मिणीबाई भरदुपारी गेली. निरोप आला तेव्हा चार विमानं हवेत होती, त्यातली दोन लांबच्या फेरीला गेलेली, आणि जोडीदार कंट्रोलर रजेवर. विमान वर असताना टॉवर सोडता येत नाही. मेलं तरी येत नाही म्हणा ना! शेवटचं चाक जमिनीला टेकलं आणि हा सुटला. पण गावात दिवस मावळायच्या आत अग्नी देतात. वाट बघून बघून आबांनी चुलत्याच्या लेकाच्या, अमृतच्या हातून देववला. हेमकांत पोचला तेव्हा लोक हातपाय धुऊन परतत होते.

आबा त्याला सगळ्यांदेखत म्हणाले, “उतरनात का तुन्हा इमानं?”

उतरली का तुझी विमानं, एवढंच. दहाव्याला, तेराव्याला तो पाहुण्यासारखा येऊन बसला आणि नंतर आलाच नाही. एकुलत्या एका लेकाच्या हातची आग आईला मिळाली नाही, हे आबांचं दुःख. एक तास थांबले असते तर काय बिघडलं असतं, हे याचं. आता यात चूक कुणाची ते तुम्हीच सांगा, मला तर दोघांचाही राग येतो.

तर यंदा फेब्रुवारीतली गोष्ट. दुपारचे साडेतीन. रोशनी नावाची विद्यार्थिनी एकटीच विमान घेऊन गेली होती, तिची एकटीने उडायची तिसरीच खेप. रेडिओवर तिचा आवाज आला आणि हेमकांत खुर्चीतून उठलाच. इंजिन बंद पडलं होतं, पुन्हा चालू होत नव्हतं. खाली कोरीट. उंची तीन हजार फूट, म्हणजे हातात जेमतेम चार मिनिटं. धावपट्टीपर्यंत काही ती पोचत नव्हती.

त्याने नाक खाली ठेवायला सांगितलं, वेग सांगितला, हाताशी असलेली घंटा दाबून ॲम्ब्युलन्स सोडली. रोशनी म्हणाली की सगळीकडे केळी आणि ऊसच दिसतोय, मोकळं काहीच नाही. मग पाटाच्या खाली एक लांब तपकिरी पट्टा दिसतोय, म्हणाली. तिथे उतरू का?

हेमकांतने पट्टा ओळखला. ते त्याचंच वावर. त्याने तिथे कापूस वेचला होता, बैल हाकले होते, आंधळ्यालाही वाट सांगितली असती त्याने. ‘उतर’ म्हणायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. वावर त्याच्या डोळ्यांपुढे होतं ते दोन वर्षांपूर्वीचं. तो तपकिरी रंग नांगरटीचा, की कापसाच्या उभ्या वाळक्या पऱ्हाटीचा? यंदा आपल्या शेतात काय आहे, हे घरच्या लेकाला माहीत नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, पण लाजायला वेळ कुठला?

टॉवरच्या फोनवरून त्याने आबांचा नंबर फिरवला. तो तेवढा पाठ होता.

“आबा, मी हेमकांत. पाटखालना वावरमा काय शे?”

दोन वर्षांनी लेकाचा फोन आणि हा प्रश्न! दुसरा कुणी असता तर आधी चार शिव्या घातल्या असत्या. आबांनी त्याच्या आवाजातली घाई ओळखली आणि सरळ उत्तर दिलं.

“मोकळं शे. पऱ्हाटी उपटीसन रोटाव्हेटर मारेल शे. पन उगवतीले नवी इहीर खोदेल शे. कठडा नही अजून.”

विहीर! वारा पश्चिमेचा होता आणि विमान वाऱ्याला सामोरं उतरतं, म्हणजे पोरगी पूर्वेकडूनच येणार आणि चाकं नेमकी तिथेच टेकवणार. फोन खांद्यात धरून त्याने माईक उचलला. शेताच्या सुरुवातीला काळा ठिपका दिसेल, तो झाडाची सावली नाही, विहीर आहे. ती ओलांड, मगच टेकव. असं त्याने दोनदा सांगितलं. “दिसला,” ती म्हणाली.

रेडिओवर काही नाही. हेमकांत हाका मारत राहिला. फोनमध्ये मात्र धाप लागलेली, ढेकळांवरून पळणारी पावलं, आणि मग आबांचा आवाज, दुसऱ्याच कुणाशी बोलणारा. घाबरू नको बेटा, उतर, मी शे ना. पाठोपाठ एका पोरीचं हुंदके देऊन रडणं. आबा शेतातच होते; विमान उतरताना बघून सत्तरीचा म्हातारा अख्खं वावर धावत गेला होता. इतक्या मायेने आबा आपल्याशी कधी बोलले होते, ते हेमकांतला आठवेना.

मग आबांनी फोन कानाला लावला. पोर धड आहे, विमानाचं पुढचं चाक तेवढं मोडलंय, असं सांगितलं आणि म्हणाले, तू ये.

“कसा येऊ आबा? अजून दोन इमानं वर शेतस.”

आबांनी विचारलं,

“माय गई तव्हय बी असंच व्हतं?”

“हा, आबा.”

“मंग आम्ही थांबाले जोयजे व्हतं रे, भाऊ.”

‘थांबायला हवं होतं’, याच वाक्यासाठी हा माणूस दोन वर्षं एकटा कुढला होता. ते आलं तेव्हा वरचं एक विमान टॉवर, टॉवर म्हणून हाक मारत होतं. रडत रडतच त्याने माईक उचलला आणि वारा सांगितला.