पिनकोडसकट प्रार्थना

देवाला पिनकोडसकट पत्ता सांगणारा माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात एकच असावा, आणि तो जुळे सोलापुरात, आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहतो. सगळी इमारत त्यांना पोस्टमनकाका म्हणते. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण खाकी पिशवी काही त्यांच्या खांद्यावरून उतरलेली नाही. पूर्वी तिच्यात लोकांची पत्रं असायची. आता चर्चच्या गीतांचं पुस्तक, जाड भिंगांचा चष्मा, ग्लुकोज बिस्किटांचा पुडा आणि एक लांबट वही असते. वहीत आजारी, अडलेल्या आणि खचलेल्या माणसांचे पत्ते आहेत, आणि ते अकारविल्हे नाहीत की आजाराच्या गांभीर्याप्रमाणेही नाहीत. ते पोस्टमनच्या फेरीप्रमाणे आहेत. सकाळी आंघोळ करून काका डोळे मिटून बसले, की आधी आमची कॉलनी, मग पाण्याची टाकी, मग पूल ओलांडून शहर, अशी त्यांची प्रार्थना दारोदार चालत जाते. मधेच कुणी नवा आजारी पडला तर त्याला शेवटी टाकायचं नाही, वाटेत त्याचं घर लागेल तिथेच घ्यायचं. उगीच देवाला हेलपाटा नको, असं त्यांचं म्हणणं.

ही प्रार्थना मी पहिल्यांदा ऐकली ती जिन्यात. काका एका गृहस्थांसाठी प्रार्थना करत होते आणि माझी वाट अडली होती. "हे दयाळू बापा, दुसरा मजला, जिन्याला लागून डावीकडचं दार, खाली पिठाची गिरणी हाय, तितल्या माणसाच्या गुडघ्याकडं बघ," असं म्हणून त्यांनी पुढे पिनकोड सांगितला आणि मगच आमेन म्हटलं. मी विज्ञानाचा मास्तर. देवळात गेलो तर चपला सांभाळायला बाहेर थांबणारा. मला गप्प कसं बसवणार? मी विचारलं, काका, तुमचा देव सर्वज्ञ ना, मग त्याला गिरणीची खूण कशाला लागते? काका जराही रागावले नाहीत. म्हणाले, "त्याला समदं म्हाईत हाय, सर. पत्ता माझ्यासाठी असतो. दार नीट आठवलं की मग माणूस आठवतो."

त्यांचे नियमही पोस्टखात्यातलेच होते. दारावर दोनदा टकटक करायची, तिसऱ्यांदा नाही. आत गेल्यावर आधी विचारायचं, प्रार्थना करू का? समोरचा नको म्हणाला तर त्याला एक बिस्किट द्यायचं आणि प्रार्थनेला लागला असता तेवढाच वेळ गप्प बसून उठायचं. आमच्या धर्मात या, असं त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला म्हटलं नसेल. त्याबद्दल त्यांच्या चर्चमधल्या एका उत्साही तरुणाने त्यांना छेडलं, तेव्हा आपण वाटणारे, लिहिणारा वेगळा, एवढंच म्हणून त्यांनी विषय संपवला. प्रार्थना ज्याची त्याच्या भाषेत, हा आणखी एक नियम. कानडी माणसासाठी कानडीत, बेगमपुऱ्याकडच्या चाचींसाठी दखनीत. पूर्व भागातल्या एका विणकराच्या म्हाताऱ्या आईसाठी ते तेलुगूत प्रार्थना करायचे, आणि ती आजी अंथरुणावरूनच त्यांचे शब्द दुरुस्त करायची. काका डोळे मिटलेलेच ठेवून चूक सुधारायचे आणि पुढे जायचे. त्या आजीला औषधाने किती बरं वाटलं ते ठाऊक नाही, पण काका येऊन गेले की ती दिवसभर खुशीत असायची, हे मी तिच्या मुलाकडून ऐकलं आहे.

आमच्या घरात मात्र हा सगळा चेष्टेचा विषय होता. नाताळात काका फराळाचं ताट घेऊन आले की मी करंज्या फस्त करत करत त्यांना विचारायचो, काय काका, वर पोचवलेल्या टपालाची पोच येते का? ते हसायचे. मग एका वर्षी माझ्या बायकोच्या पोटात गाठ निघाली, आणि माझी चेष्टा कुठल्या कुठे पळाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून गाठ काढू, तपासायला पाठवू, रिपोर्ट आठ दिवसांनी. गाठ साधी की वाईट, हे त्या आठ दिवसांच्या पलीकडे होतं.

ऑपरेशनच्या सकाळी काका दवाखान्यात हजर. मी बायकांच्या वॉर्डाबाहेर बाकावर बसलो होतो. त्यांनी विचारलं, प्रार्थना करू का? मी खांदे उडवले. त्यांनी ते हो धरलं आणि सुरुवात केली. दवाखान्याचं नाव, समोरचं रसवंतीगृह, दुसरा मजला, बायकांचा वॉर्ड, खाट नंबर सात. आता गंमत अशी, की खिडकीजवळ हवा येते म्हणून बायकोने आदल्या संध्याकाळी खाट बदलून घेतली होती. ती होती अकरावर. मला हे ऐकताक्षणीच कळलं, पण मी बोललो नाही. शाळकरी पोरासारखी मला मनातून उकळी फुटली. आमेन झाल्यावर मी थंडपणे सांगितलं, काका, ती अकरावर आहे.

काकांचा चेहरा उतरला. पस्तीस वर्षांच्या नोकरीत चुकीच्या दारात पत्र टाकलं नव्हतं म्हणे. मी म्हणालो, त्यात काय, सातवरचं काढा आणि अकरावर पाठवा. त्यावर त्यांनी मान हलवली. "पेटीत पडलेला कागद परत काढता येत न्हाय, सर. ती सातवर जी कोण असंल तिची झाली आता. ताईंसाठी दुसरी करू." आणि या वेळी चूक नको म्हणून त्यांनी माझ्याकडून सगळं नीट विचारून घेतलं. नाव, खाट, खिडकी कुठल्या बाजूला. शेवटी विचारलं, ताईंना भीती कशाची वाटते?

बावीस वर्षांचा संसार, पण हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. ऑपरेशनची वाटत असेल, असं मी पुटपुटलो. काका म्हणाले, असेल असं चालत नाही, विचारून या. मी चडफडत आत गेलो आणि बायकोला विचारलं. तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. मग म्हणाली, "मी शुद्धीवर येईन तेव्हा तुम्ही चहा प्यायला गेलेले असाल. याची."

मी बाहेर येऊन काकांना हे जसंच्या तसं सांगितलं. काकांनी डोळे मिटले. या वेळची प्रार्थना अगदी थोडकी होती. पत्ता सांगून झाल्यावर ते म्हणाले, बापा, ताई जाग्या होतील तेव्हा सरांना तितंच बसव. मी त्या दिवशी चहा प्यायलो नाही. पाणीसुद्धा बसल्या जागेवर प्यायलो. तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून पुन्हा मिटले, पण हात काही सोडला नाही.

खाट नंबर सातवर मंगळवेढ्याकडची एक म्हातारी होती. कमरेचं हाड मोडलेलं, लेक-सून कडब्याच्या कामात अडकलेले, जवळ कुणी नाही. काका भेटीच्या वेळेत तिच्याकडे गेले, कारण आपल्याला असं टपाल आलंय हे तिला कळायला नको का? तिने विचारलं, तुमी कोन? हे म्हणाले, पोस्टमन. "मला कुनाचं पत्र येनार?" म्हणून म्हातारी हसली, आणि मग रडली. पुढचे आठ दिवस काका रोज आले, आधी सात, मग अकरा, खाटा ज्या ओळीने लागतील त्या ओळीने. नवव्या दिवशी रिपोर्ट आला. गाठ साधी होती. डॉक्टरांनी ते वाक्य उच्चारलं आणि मी जिन्यातच बसलो. आठ दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून नेला होता. पहिला निरोप मी काकांना दिला. ते म्हणाले, बरं झालं, आणि लगेच सातला सांगायला गेले. म्हातारीही महिन्याभराने घरी गेली. सुगीनंतर एसटीच्या कंडक्टरबरोबर तिने काकांना ज्वारी पाठवली, तेव्हा पोच आली बघा सर, असं म्हणत त्यांनी निम्मी आमच्याकडे आणून दिली.

त्या दिवशी धीर करून मी विचारलं, काकूंच्या वेळी प्रार्थना केली असेल ना? काकू मी इथे राहायला यायच्या आधीच गेल्या होत्या. काका ज्वारीतले खडे वेचत होते, वेचतच राहिले. "केली की. लई केली. ती गेली." दवाखान्याच्या पायरीवर ते देवावर रुसून बसले होते. चर्चमधली एक बाई, त्याच दवाखान्यात झाडलोट करणारी, धड ओळखही नाही, शेजारी येऊन टेकली. तिने काकूंचं नाव विचारलं, डोळे मिटले आणि देवाजवळ ते नाव घेतलं. "मागितलं काईच न्हाय तिनं. नुस्तं नाव घेतलं आन् बसून राहिली. मला वाटलं, चला, आमची ही पोचली. मग म्या रडलो, आन् घरी येऊन जेवलो." पिशवीत वही आली ती त्यानंतर. मी त्यांना पुन्हा कधी पोच विचारली नाही.

अलीकडे काकांची नजर मंदावली आहे आणि पत्तेही विसरू लागले आहेत. रविवारी उपासनेहून आले की ते आमच्याकडे चहाला थांबतात, मी वही घेऊन बसतो, आणि ते अडले की पुढची खूण सांगतो. डोळे मी मिटत नाही. मिटले तर वाचणार कोण? गेल्या रविवारी वही संपत आली तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की या सबंध वहीत त्यांचा स्वतःचा पत्ता कुठेच नाही. वहीत नव्हतं ते मी वाचलं. आमची इमारत, पहिला मजला, जिन्यासमोरचं दार, दारात तुळशीची आणि कोरफडीची कुंडी, तिथे राहणारे काका, त्यांना जपा. कोणाला उद्देशून म्हणालो, मला विचारू नका. स्वयंपाकघरातून येणारा बायकोच्या भांड्यांचा आवाज थांबला होता. काका डोळे मिटूनच बसले होते.

"पिनकोड राहिला, सर," ते म्हणाले.

मी पिनकोड सांगितला.