हिवतापातली शाळा

सन १९४४. मी एकवीस वर्षांचा होतो आणि दुसरी शिकलेला. शिराळ्याकडच्या आमच्या गावात शाळा मारुतीच्या देवळात भरायची. मास्तरांनी हिवतापानं अंथरूण धरलं आणि देवळाला लागून आमचं घर, म्हणून शाळा माझ्या गळ्यात आली.

त्यातच निरोप आला, शाळा तपासायला दिपोटी येणार. पोरांना वाचता आलं नाही तर शाळा बंद, मग नदीपलीकडच्या गावाला जा. माझी धाकटी बहीण याच शाळेत होती. पोरीला होडीत बसवून शिकायला धाडणाऱ्यातला आमचा बा नव्हता.

पोरांना म्हणालो, वाचा. सगळी डोलत एका सुरात धडा म्हणू लागली. लय गोड. मग मी मधलंच पान उघडून दिलं, तर चिडीचूप. धडा नुसता तोंडपाठ होता, वाचता एकालाही येत नव्हतं.

बहिणीनं एका शब्दावर बोट ठेवलं. "दादा, ह्ये काय हाय रं?"

बारीक अक्षर मलाही नीट लागत नव्हतं. पण थोरला भाऊ तसं सांगतो होय? म्हणालो, "समदं मीच सांगू? तू हुडीक की."

"आन चुकलं तर?"

"चुकू दे. मारुती काय गदा घिऊन उठतोय व्हय!"

तीच रीत पडली. पोरं अडायची, एकमेकांशी भांडायची, अर्थ लागेना तर मागं जाऊन पुन्हा वाचायची. मी खांबाला टेकून "बरं, मग फुडं?" एवढंच विचारायचो. गोष्टीत पुढं काय झालं, ते मलाही ठाऊक नसायचं.

ठरल्या दिवशी दिपोटी आले आणि पिशवीतून पोरांनी कधी न पाहिलेलं पुस्तक काढलं. बहिणीनं अडखळत, चुकलेलं आपलं आपणच सुधारत पान संपवलं. साहेब खूश. म्हणाले, "गुरुजी, आता तुम्ही एक पान वाचून दाखवा."

"सायेब, हितं मास्तर वाचत न्हाई. पोरं वाचत्यात."

साहेबांनी मान डोलावली. फार उत्तम पद्धत, म्हणाले. शाळा चालू राहील, मास्तर बरे झाले की त्यांनाही असंच शिकवायला सांगा. बहीण तोंडावर हात ठेवून हसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैलं घेऊन रानात निघालो, तर मास्तर घोंगडं पांघरून शाळेत हजर, आणि देवळात ते धडा सांगत होते, पोरं मागनं एका सुरात म्हणत होती. बैलं पिंपळाला बांधली, दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "आवं मास्तर, तुमी गप बसा. पोरास्नी वाचू द्या." ते गप बसेस्तोवर उंबऱ्यावरून हललो नाही.