पुल्लीवरची सुतळी

बाबांच्या लाकूड तासायच्या रंधा मशीनची पुल्ली तापली की मूल गावाहून एक मेकॅनिक भाऊ येत. मशीन बंद करून ते पुल्लीजवळ उलटा हात धरत, डोळे मिटत आणि दोष कुठे आहे ते सांगत. मी बघतच राही.

या खेपेला पुल्ली रोजच तापू लागली, म्हणून बाबा नवी मोटर आणायला निघाले होते. कॉलेजात शिकलो म्हणून मोटरचे नट सैल करून, ती मागे सरकवून पट्टा मीच ताणला होता, पण ते सांगायची हिंमत झाली नव्हती.

दोन्ही पुल्ल्या एका रेषेत आहेत का ते पाहायला भाऊंनी त्यांच्यावर सुतळी ताणून धरली. मोटर बोटभर तिरपी होती. नटावरच्या ताज्या ओरखड्यांवरून बोट फिरवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काऊन तापून राह्यली होती?" बाबांनी विचारलं.

"मोटर सरकली व्हती. नवी नाई लागत."

जाताना त्यांनी सुतळी माझ्या हातात दिली. "पट्टा ताणला का मंग हे लावून पाहजो," ते इतक्या हळू म्हणाले, की बाबांना ऐकू गेलं नाही.