परातीतलं पाणी

आज सकाळी हॉटेलच्या दारात पुन्हा ती पितळी परात मांडली गेली. कोमट पाणी, वर गुलाबाच्या पाकळ्या, वाळ्याचा मंद वास, आणि परातीत पाय सोडून डोळे मिटून बसलेली कुणी परदेशी बाई. शेजारी रेशमी झब्बा घातलेला आमचा माणूस नाजूक तांब्यानं धार धरून उभा. माहितीपत्रकात या सोहळ्याला ‘पारंपरिक भारतीय स्वागत’ म्हटलंय, आणि तो नव्या नोकरांना शिकवायचं काम गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. आखातातल्या या चकचकीत इमारतीची एकही खिडकी उघडत नाही. बाहेर वाळवंट, आत गारठा, आणि मधे काचेला नाक लावून मी. बाईंचे पाय पुसून झाले की ते पाणी सरळ मोरीत ओततात. तुम्हाला म्हणून सांगतो, तो आवाज मला आजही ऐकवत नाही.

कारण ही परात मूळची आमच्या माजलगावकडची. तो दुष्काळ असा होता, की धरणाच्या तळाला भेगा पडल्या होत्या. ऊसच नाही म्हटल्यावर सहकारी साखर कारखान्याचं धुराडं थंडगार. पण कारखान्याचं गेस्ट हाऊस मात्र कायम भरलेलं! पाहणी पथकं, पुढारी, अधिकारी. दुष्काळ बघायला येणाऱ्यांचा नुसता सुकाळ. मी तिथं कारकून होतो, नावाला. दिवसभर रजिस्टरवरची धूळ झटकायची आणि ऊस टाकायच्या रिकाम्या गव्हाणीकडे बघत बसायचं. आणि स्वयंपाकघरात होता मामा. मामा म्हणजे तिथला आचारी, मूळचा नेकनूरकडचा, धनगराघरचा, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. त्याच्या हातची ज्वारीची भाकरी आणि येसरची आमटी खाल्लेला माणूस बोटं चाटत उठायचा. साखर कारखान्यात राहून इतका अबोल, इतका सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पाहुण्याला पाय धुवायला पाणी दिल्याशिवाय आमच्याकडे उंबरा ओलांडू देत नाहीत. टँकर दिवसाआड यायला लागला तरी मामानं ही रीत सोडली नाही. फक्त पाहुण्याच्या पायांखाली पितळी परात ठेवायला लागला. पाणी एकच तांब्या, वर थेंब नाही. कुणी साबण मागितला तर हात जोडून नको म्हणायचा, कारण साबणाच्या पाण्याला शेळ्या तोंड लावत नाहीत. कुंपणामागच्या वस्तीवर त्याची बायको आणि चौदा शेळ्या होत्या. त्याच्या भावकीनं नेकनूरच्या बाजारात जनावरं मिळेल त्या भावाला फुंकून टाकली होती. मामानं एकही विकली नाही. दिवसभरात जितके पाहुणे, तितके तांबे पाणी शेळ्यांना. पथकं वाढली की मामा खूश व्हायचा, याचं कारण हे असं होतं.

त्याच दिवसांत आमच्या चेअरमनसाहेबांच्या डोक्यात आलं की ऊस नाही तर नाही, आपण धरणाकाठी पर्यटकांसाठी हॉटेल काढू. जग जवळ आलंय म्हणे! घ्या. धरणात चिमणीला चोच बुडवायला पाणी नाही आणि हे नावा सोडणार. पण बोलणार कोण? सल्ला द्यायला म्हणून आखातातल्या एका मोठ्या हॉटेलचा गोरा साहेब आला. भेगाळलेल्या तळात उभं राहून त्यानं घाम पुसला, एकच प्रश्न विचारला, पाणी कुठं आहे, आणि चेअरमनसाहेब मोघम हात हलवून क्षितिजाकडे बघत राहिले.

गेस्ट हाऊसवर परत आल्यावर मामानं त्याचे पाय धुतले. खाली वाकून, हळूहळू, धार इकडेतिकडे जाऊ न देता. मग दोन्ही हातांनी परात उचलून, श्वास रोखल्यासारखा, एकेक पाऊल टाकत मागच्या दारानं गेला. साहेब उभाच राहिला. त्याला ती पूजा वाटली! त्यानं पुन्हा पाय धुवायला लावले, फोटो काढले. मामाला काय, आणखी एक तांब्या मिळाला.

जेवताना साहेब मला इंग्रजीत म्हणाला, हा माणूस मला हवाय. स्वयंपाकाला आणि स्वागताला. लगेच नेतो. मी स्वयंपाकघरात जाऊन मामाला सांगितलं. तव्यावरची भाकरी करपली तरी त्याचा हात हलला नाही. मग म्हणाला, “पाऊस पडू द्या म्हणावं, भाऊसाहेब. शेळ्या रानात चरायला लागल्या की मी तयार हाय. तवर मालकीण एकलीनं काय करील? पर येतो म्हणावं. नक्की येतो.”

मी बाहेर आलो आणि साहेबाला म्हणालो, तो यायला तयार नाही.

का म्हणालो? मलाही सुटायचं होतं. त्या बंद कारखान्यात, त्या रजिस्टरांत माझा जीव गुदमरत होता. पुढचं वाक्यही आपसूक तोंडातून गेलं, की मामाची सगळी रीत मी रोज बघतो, मला ती येते. महिन्याभरात मी विमानात होतो. तिथून पुढं जो विचारील त्याला मी सांगत आलो की मामा मातीतला माणूस, तो कशाला गाव सोडतोय. सांगून सांगून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

दोन वर्षांनी सुट्टीवर गेलो तेव्हा धरण भरलं होतं, शेळ्यांचा कळप दुप्पट झाला होता. मामानं मला जेवू घातलं, आणि मग ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पासपोर्ट आणून माझ्या हातात दिला. शहराच्या तीन खेपा करून काढलेला. सगळी पानं कोरी.

“पाऊस पडला तवाच काढला,” तो म्हणाला. “लई वाट बघितली बोलावण्याच्या कागदाची. सायेब इसरले जणू.”

“मोठी माणसं, मामा,” मी म्हणालो. “विसरतात.”

त्याला ते पटलं. हेच मला अजून सोसत नाही. खवळला असता, शिव्या दिल्या असत्या, तर मी केव्हाच मोकळा झालो असतो.

माणूस गाव सोडतो, देश सोडतो, वर्षं मागं टाकतो, आणि त्याला वाटतं आपण निसटलो. गेल्या महिन्यात मामाचा फोन आला होता. आता त्याचे गुडघे धरलेत, शेळ्या सून बघते. बोलता बोलता म्हणाला की पासपोर्टची मुदत संपली होती, नवा काढून आणला. मी विचारलं, मामा, आता कशाला?

“असू द्या, भाऊसाहेब. कवा बोलावणं आलं तर घोटाळा नगो.”

सांगायचं होतं ते ओठापर्यंत आलं होतं. मी त्याला पाऊसपाण्याचं विचारलं.