आफ्रिकेहून आलेल्यांच्या आठवणी जमवताना

अबुधाबीतल्या आमच्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत आफ्रिकी वंशाच्या विद्यार्थ्यांच्या आणि स्टाफच्या आठवणी रेकॉर्ड करणं, हे माझं काम. फाईल एक तयार होते, किस्से चार! नवरा विचारतो, "ऑफिसात काम पण करता ना तुम्ही लोक?"

*

आमच्या हेड, डॉ. अमीना, सुदानच्या. त्यांनी स्टुडंट असोसिएशनच्या जुन्या पार्टीचा फोटो भिंतीवर लावला. "ओळखा आणि नाव लिहा!" त्यात एक जण पाठमोरा, डोक्यावर केसांचं हे एवढं टोपलं. आठवड्याभरात तिघं येऊन म्हणाले, "हा मीच!" तिघांनाही आता टक्कल.

"कॅटलॉगमध्ये काय लिहू?" मी विचारलं.

"तिघांचीही नावं लिही. तेवढेच केस परत मिळू देत बिचाऱ्यांना!"

*

सुरुवातीला माझा पहिला प्रश्न ठरलेला. "तुम्ही मूळचे कुठले?" लोक एका शब्दात उत्तर देऊन गप्प!

माझी लेक सई इथेच, अबुधाबीजवळच्या खलिफा सिटीत वाढलेली. घरी मी हे सांगितलं, तशी ती वैतागली. "आई, आय हेट दॅट क्वेश्चन! एव्हरीवन आस्क्स मी."

मी चपापलेच. दुसऱ्या दिवशी एका नायजेरियन मुलाला विचारलं, "जेवलास का?" दोन तास बोलला! त्यातला अर्धा तास, घानाच्या लोकांना भात का जमत नाही यावर. संध्याकाळी घानाचा विद्यार्थी दारात हजर.

"मॅडम, मलाही उत्तर रेकॉर्ड करायचंय!"

*

कॅन्टीनमधल्या हाना इथिओपियाच्या. बोलायला तयारच नव्हत्या. "मी कसली हिस्ट्री? मी कॉफी करते."

अमीना म्हणाल्या, "तुझ्या कॉफीशिवाय इथला एकही थीसिस पूर्ण झालेला नाही."

"मग माझं नाव एकातही कसं नाही?"

अमीनांचं नवं पुस्तक आलं, तेव्हा आभारांच्या पानावर पहिलं नाव हानांचं होतं.

*

शम्मा ही इमिराती विद्यार्थिनी रास अल खैमाहून आपल्या आजोबांना घेऊन आली. आजोबांची आजी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेली. आजोबा मात्र प्रत्येक प्रश्नाला हात झटकत. "खलास! काही आठवत नाही."

शेवटी शम्मा म्हणाली, "तुमच्या आजीचं ते गाणं तरी म्हणा."

त्यांनी डोळे मिटून अंगाईच्या दोन ओळी म्हटल्या. भाषा त्यांनाही कळत नव्हती.

"एवढंच येतं," ते म्हणाले. "पुढे मी झोपून जायचो."

आमची रेकॉर्डिंगवाली मरियम केनियाच्या किनाऱ्यावरच्या मोंबासाची. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि हलक्या आवाजात तिसरी ओळ म्हटली.

आजोबा ताठ बसले.

"यल्ला," ते म्हणाले. "पुढे?"