हरळी लावणारी धोंडाबाई

शेतकी कॉलेजात आम्हाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवली जाई: हरळी सहसा मरत नाही. वर बोटभर पाती दिसतात. पण खाली तिच्या काशा, म्हणजे जमिनीतल्या पांढऱ्या पेरांच्या दोऱ्या, काळ्या रानात हातभर खोल जातात. नांगराने त्या तुटतात आणि तुटलेल्या प्रत्येक पेरातून नवी हरळी उभी राहते. परीक्षेत मी यावर बरंच लिहिलं होतं. पुढे तळेगावच्या रानांतून हिंडू लागलो तेव्हा लोक सांगू लागले, की मरत कशी नाही, धोंडाबाईनं हात घातलेल्या वावरात ती परत आलेली नाही. मग ही बाई कोण, याचं मला कुतूहल वाटू लागलं, आणि तिला शोधून मी तिच्याच तोंडून हे ऐकलं.

ती मूळची भाज्याची. लहान वयात नवरा गेला. दरवर्षी उन्हाळ्यात ती हरळी खणणाऱ्या टोळीबरोबर निघे. तळेगावच्या पूर्वेला जमिनी भारी. तिथे पुरुष पहारीने मोठाली ढेकळं उलथत आणि बाया मागून काशा वेचत. वेचलेल्या काशा उन्हात पसरल्या, की धोंडाबाईची परीक्षा सुरू होई. एक काशी ती कानाशी धरून मोडी. 'कट्' असा आवाज आला तर मेली. नुसती वाकली तर ती म्हणे, "अजून जित्ती हाय. ऱ्हाऊ द्या उनात." मालक घाई करी, टोळीवाला कुरकुरे, पण तिच्या कानाला पटल्याशिवाय ढीग हलत नसे.

गाव बदललं की चूल बदले. तीन दगड शोधायचे, मांडायचे, आणि काम संपलं की तिथेच टाकून पुढे जायचं. पन्नाशीजवळ आली तेव्हा तिचे गुडघे बोलायला लागले. एकदा बसली की उठताना कुणाचा तरी हात लागे.

पुण्याच्या गाड्या विजेवर धावू लागल्या त्या सुमाराला लोणावळ्याच्या गंगाधरपंतांनी तिला बोलावून घेतलं. पंत रेल्वेच्या नकाशे काढणाऱ्या कचेरीतून निवृत्त झालेले. घाटातल्या मोऱ्या आणि गटारं कागदावर आखण्यात त्यांचा जन्म गेला. लोणावळ्यात लहानसा बंगला बांधून त्यांनी पुढच्या अंगणात साहेबांच्या बंगल्यासारखी हिरवळ केली होती. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाच्या लिलावातून गवत कापायचं ढकलयंत्रही आणलं होतं. पण हिरवळीत लव्हाळा शिरला. माळी बदलून झाले, लव्हाळा काही हलला नाही.

बंगल्यामागे एक खोली रिकामी होती. पंतांच्या पत्नी वासंतीबाई धोंडाबाईला म्हणाल्या, "काम नीट केलंस तर ही खोली तुझी. कायमची राहा."

धोंडाबाईनं खोलीत डोकावून पाहिलं. भिंतीला एक कोनाडा होता आणि चुलीसाठी कोपरा होता. असा कोपरा तिला फार वर्षांत मिळाला नव्हता.

पंत आणि वासंतीबाई एका लग्नासाठी मुंबईला निघाले होते. टांग्यात बसता बसता पंतांनी काम सांगितलं, "सगळं तण काढून टाक. गवत तेवढं राहू दे."

त्यांनी सांगितलं तेवढंच तिनं ऐकलं. टोळीतल्या मुक्ताबाईला तिनं हाताशी घेतलं आणि दोघी भिडल्या. वैशाखाचं ऊन, हातात कुदळी. काशा निघाल्या, कानाशी मोडून पाहिल्या, पुन्हा उन्हात गेल्या. पंत परत आले तेव्हा फाटकापासून पायरीपर्यंत तांबडी, भुसभुशीत, चाळल्यासारखी माती पसरली होती. तीत हिरवं पातं म्हणून नव्हतं.

पंत पायरीवर बसले. "गवत कुठं आहे?"

"ठेवलंय की. ते काय, कुंपनाच्या कडंला. गुडघाभर हाय." धोंडाबाईनं बोट दाखवलं. "बाकी समदी हरळी हुती. काशी म्हनून न्हाई ठेवली. आता काय बी पेरा."

वासंतीबाई म्हणाल्या, "अगं, त्या दुर्वा होत्या. आमच्या गणपतीला इथल्याच दुर्वा लागतात."

"बांधावर आसली की दुर्वा, वैनीसाब. वावरात हरळी."

"आणि हे काय वावर आहे?"

धोंडाबाई मला पुढे म्हणाली, "तवा पयल्यांदा माज्या ध्यानात आलं, का ह्या लोकांनी हरळी मुद्दाम लावल्याली. माजं डोस्कंच चालंना. चोराला कुनी जेवाय बोलवतं व्हय?"

पंतांना मात्र हसू आवरेना. ते बायकोला म्हणाले, "चुकलं कुणाचं? मी तण काढ म्हणालो, तिनं काढलं. तिच्या गावात हरळी हेच पहिलं तण."

वासंतीबाईंना हसू आलं नाही. दसऱ्याला मुंबईहून सगळं घर यायचं होतं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "तू उपटलंस, तूच लाव. दसऱ्याला अंगण हिरवं दिसलं तर राहा. नाहीतर टोळीत परत जा. तोवर खोलीत तीन दगडांवर शिजव. चूल लिंपू नकोस."

आयुष्यभर जी मारली ती जगवायची कशी, हा प्रश्न घेऊन धोंडाबाई त्या रात्री झोपली. सकाळी उठून तिनं जुनंच ज्ञान उलटं करून पाहिलं. हरळीला मारायचं तर ती उन्हात उघडी करतात, म्हणजे हिला ओलीत झाकायची. मारताना कोरडी मोडते ती काशी शोधतात, तर लावताना वाकते ती घ्यायची. पण काशा आणायच्या कुठून? उपटलेल्या तिनं स्वतःच्या हाताने मारून टाकल्या होत्या.

ती भाज्याला गेली. धाकटा दीर हौशीराम बांधावर बसला होता.

"भावजी, जरा हरळी द्या."

हौशीरामाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय द्या?"

"हरळी. जित्ती. दोन पोती."

"वैनी, ऊन लागलं का काय तुमास्नी?" तो उठून उभा राहिला. "अख्खा बांध न्या. पर येक करा, परत आनू नका."

तिनं दोन पोती भरली, वर ओलं गोणपाट टाकलं आणि मळवलीला गाडीची वाट पाहत बसली. पोर्टरने पोत्याला पाय लावून पाहिला.

"मावशी, पोत्यात काय?"

"हरळी."

"गुरांसाठी?"

"न्हाई. लावायची हाय. लोनावळ्याच्या बंगल्यात."

फलाटावर बसलेले दोन शेतकरी खो खो हसले. एक म्हणाला, "मावशी, आमच्यात या की. आमी वर भाकरी देऊ." धोंडाबाईही हसली. पण गाडीत तिनं पोती दाराजवळ नेऊन झाकली, असं तिनं मला सांगितलं. ओळखीचं कुणी पाहील अशी तिला लाज वाटत होती.

तिनं काशांचे बोटभर तुकडे केले आणि पाऊस लागल्यावर भाताची आवणी करतात तशी ओळीने लावणी केली. आठवड्याभरात पाती वर आली. आषाढ सरेपर्यंत मातीवर हिरवी जाळी पडली. पंत छत्री घेऊन रोज पाहायला येत. जाळी नीट भरते न भरते तोच त्यांनी यंत्र बाहेर काढलं आणि साहेबाच्या अंगणासारखी हिरवळ अगदी जमिनीलगत कापली.

आणि लव्हाळा आला.

आता लव्हाळ्याची रीत वेगळी. त्याच्या मुळाशी काळ्या गाठी असतात, एकीला दुसरी जोडलेली. वरून ओढला की पातं हातात येतं, गाठ खाली राहते. आणि वरची गाठ तुटली की खालच्या झोपलेल्या गाठी जाग्या होतात. धोंडाबाईला हे ठाऊक नव्हतं. हरळीसारखाच तो निपटून काढायचा म्हणून तिनं सकाळ-संध्याकाळ उपटला. एक काढला तिथे तीन आले. खणून काढावा तर नवी हरळीही उखडते. तिच्या हातांना कधी अपयश ठाऊक नव्हतं. आता ते तिला रोज दिसत होतं, आणि दसरा जवळ येत होता.

पंतांनीही डोकं चालवलं. बंबातलं कढत पाणी तपेल्यात घेऊन ते लव्हाळ्यावर ओतत सुटले. पायरीजवळ ताटाएवढी टक्कलं पडली. मग त्या टकलांत सगळ्यांत आधी जे उगवलं तो लव्हाळाच होता.

"पंत," धोंडाबाई म्हणाली, "त्याला अंगूळ घातली तुमी. ताजा झाला."

पंत तपेलं घेऊन आत गेले.

कोडं सुटायला सुरुवात झाली ती विहिरीपाशी. विहिरीच्या दगडी डोणीला, म्हणजे पाण्याच्या कुंडीला, लागून यंत्र जाऊ शकत नव्हतं, म्हणून तिथली हरळी चार बोटं वाढलेली होती. धोंडाबाई डोणीवर भांडी घासत होती. हात पुसायला ती गवताकडे वळली तर बोटं जमिनीला टेकेनात, इतकं ते दाट होतं. तिनं पाती बाजूला करून पाहिलं. खाली अंधार होता, आणि लव्हाळ्याची एकच काडी, तीही फिकट पिवळी.

तिला तळेगावची एक रीत आठवली. हरळी माजलेल्या रानात काही शेतकरी ताग दाट पेरत. तागाच्या सावलीत हरळी खंगे. सावलीनं हरळी खंगते, तर हरळीच्या सावलीनं लव्हाळा का खंगू नये?

तिनं पंतांना सांगितलं, "यंत्र घरात ठेवा. म्या इळ्यानं वरच्या वर कापते. चार बोटं ऱ्हाऊ द्या."

"मग ते लॉन कसलं? कुरण होईल."

"मला बी ठाव न्हाई काय हुईल. बघाया पायजे."

पंतांना हे वाक्य आवडलं असावं. त्यांनी सुतळीचा गुंडा आणला आणि विहिरीपासून फाटकापर्यंत मधोमध ताणून बांधला. "अर्धं तुझं, अर्धं माझं. माझ्या बाजूला यंत्र चालेल. माती एक, पाऊस एक. दसऱ्याला पाहू."

ही सुतळीची गोष्ट ऐकताना मी मध्येच थांबवून दोनदा विचारलं, खरंच अशी बांधली होती का? कॉलेजात आम्ही प्रयोगाचे वाफे असेच आखत होतो. जवळच बसलेल्या वासंतीबाई म्हणाल्या, "बांधली होती म्हणजे काय, मी तिला अडखळून पडले."

श्रावणात दोन्ही बाजू सारख्याच दिसत होत्या. भाद्रपद लागला तशी सुतळी नसती तरी चाललं असतं. पंतांच्या बाजूला हरळीचे नुसते बुडखे दिसत आणि त्यांच्यामधल्या उघड्या मातीत लव्हाळा आणि आंबुशी मोकळेपणी वाढत. धोंडाबाईच्या बाजूला हरळी गादीसारखी झाली होती. लव्हाळा होता, पण शोधावा लागे. सापडला की ती खुरप्याच्या टोकाने गाठीसकट काढी, भोवतालचं गवत न हलवता. वासंतीबाईंनी गणपतीच्या दुर्वा तिच्याच बाजूच्या खुडल्या.

पण त्यानंतर खालच्या कोपऱ्यात तिची हरळी पिवळी पडू लागली. बुडाशी शेवाळ, हाताला बुळबुळीत. धोंडाबाई घाबरली. तिला वाटलं, हे वाढवून ठेवल्याचंच फळ. विळा घेऊन ती कोपऱ्यात बसली, पण कापावं की न कापावं ते ठरेना. शेवटी ती पंतांना हाक मारायला गेली. दुसऱ्या बाजूच्या माणसाला हाक मारणं तिला जड गेलं असणार.

पंतांनी काठी जमिनीत खुपसली. भोकात पाणी भरलं. सुतळीपलीकडे, स्वतःच्या बाजूला खुपसली, तिथेही भरलं.

"ही तुझी चूक नाही आणि माझीही नाही," ते म्हणाले. "इथं पाण्याला वाट नाही. हे माझं काम." सत्तरीला टेकलेल्या त्या माणसाने धोतर खोचलं आणि कुंपणाच्या कडेने चर आखला. उतार किती, वळण कुठे, हे त्यांना तोंडपाठ. धोंडाबाईनं खणला. पाणी रस्त्याच्या गटाराकडे धावलं, तेव्हा दोघं लहान मुलांसारखी त्याच्या बाजूने चालत गेली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पंतांनी सुतळी सोडली आणि गुंडाळून खिशात ठेवली. मग यंत्र उलटं करून पाहू लागले. पात्याजवळ एक बोल्ट होता. तो सैल केला की पातं वर उचलता येत होतं. दोन वर्षांत त्यांनी तो फिरवलाच नव्हता.

"वासंती," त्यांनी आत हाक दिली, "पाहुणे येतील तेव्हा त्यांना या बाजूला बसव. माझी बाजू पुढच्या वर्षी."

वासंतीबाई बाहेर आल्या. त्यांनी हरळीच्या गादीवर पाय ठेवून पाहिला, आणि धोंडाबाईला एवढंच विचारलं, "चुलीला माती कुठली आणणार आहेस?"

"हितलीच," धोंडाबाई म्हणाली.

तिनं चर खणताना निघालेल्या मातीत भुस्सा आणि शेण कालवून चूल घातली. तीन दगड उचलून तिनं विहिरीशी ठेवून दिले. चूल वाळेपर्यंत पेटवायची नव्हती. पाहुणे गेल्यावर वासंतीबाई पाहायला आल्या, तो ओल्या चुलीच्या बाजूने एक हिरवा कोंब बाहेर डोकावत होता.

"धोंडाबाई, आता ही दुर्वा की हरळी?"

धोंडाबाई चुलीजवळ टेकली. कोंब धरून तिनं हळूच ओढला. त्यामागून वीतभर काशी निघाली. सवयीने तिनं ती कानाशी नेली आणि मोडून पाहिली. काशी नुसती वाकली.

"हितं हरळी," ती म्हणाली.

वासंतीबाईंचा हात धरून ती उठली, बाहेर गेली, आणि पंतांच्या कढत पाण्याने पायरीजवळ पडलेल्या टकलात तिनं ती काशी बोटाने दाबून लावली.