मासा, झाड आन् निळं बॅरल

आमच्या शाळेची परसबाग मी उभी केली, हे मी कुणालाबी छाती पुढं काढून सांगतो. त्याच बागेपायी एका दुपारी अख्खी शाळा मीच मारली, असंबी मला वाटलं व्हतं.

शाळा कुरुळी गावाच्या पलीकडं, वस्तीवरची. मागं कंपनीची भिंत, पुढं ट्रेलरचा रस्ता. ग्रामपंचायतीनं मला तिथं झाडलोटीला ठेवलंय. लहानपणी शाळा मी बाहेरनंच बघितली. आता रोज आत जातो, पण झाडू घेऊन. पोरं मामा म्हणतात. मोठ्या मॅडम पिंपरीहून येतात. त्यांनी ठरवलं, शाळेत प्लास्टिक आणायचं न्हाई, ओला कचरा खत खड्ड्यात टाकायचा आन् पोरांच्या खिचडीत आपल्याच बागेतली भाजी घालायची. बागेला पाणी पत्र्यावरनं पडणारं, पावसाचं. ते साठवायचं कशात, एवढंच अडलं. टाकीसाठी एका कंपनीकडं अर्ज गेला व्हता.

मी म्हणलं, "मॅडम, अर्ज कशाला? आमच्याकडं घरागणिक निळं बॅरल हाय. भंगारवाल्याकडनं आणतो की."

बॅरल घ्यायची आमच्या भागात एक रीत हाय. झाकण काढायचं, तोंड आत घालायचं. वास न्हाई आला की बॅरल चांगलं. त्यात आधी काय व्हतं, कुणी विचारत न्हाई. मीबी तोंड घातलं. वास न्हाई. आता खरं सांगतो, गाड्यांच्या कंपनीत पेंट शॉपला, रंग मारायच्या खात्यात, कंत्राटावर वर्षं काढली, तवापास्नं मला कशाचाच वास येत न्हाई. घरात दूध करपतंय का, ते बायको शेजारणीला विचारते, मला न्हाई. पण भंगारवाल्यासमोर मी अशी मान हलवली, जसं काय अत्तर पारखतोय.

वर त्या बॅरलवर चित्र व्हतं. एक झाड, एक मासा. बाकी सगळं इंग्रजी, म्हणजे माझ्यासाठी कोरंच. मी खूश. झाड हाय, मासा हाय, म्हणजे हे बागेचंच बॅरल! शेजारी चार बॅरलं व्हती, ती सोडून मी हेच उचललं.

दोन महिने रोज त्यातलं पाणी मी बागेला घातलं. पालक आला, टोमॅटो लाल झाले. वाटेनं जाणाऱ्याला बोलावून दाखवायचो.

मंग ती दुपार. पोरं खिचडी खाऊन वर्गात गेली व्हती. मॅडम बॅरलपाशी थांबल्या.

"मामा, याला कसला उग्र वास येतोय?"

"न्हाई तर," मी म्हणलं.

त्यांनी वाकून चित्रावरचा चिखल पुसला.

"हा मासा उताणा का पडलाय, मामा?"

"झोपला असंल." मी हसलोबी. मंग त्यांचं तोंड बघितलं.

"मेलाय तो. झाडही वाळलेलं आहे. हे चित्र विषारी मालावर लावतात. आज खिचडीत भाजी कुठली होती?"

"पालक," मी म्हणलं. "आपलाच."

वर्गातनं पाढे ऐकू येत व्हते. सगळी पोरं एका सुरात. मला वाटलं, आता एकेक आवाज कमी व्हत जाईल. त्यात माझी पोरगीबी व्हती, तिसरीतली.

"भंगारवाल्याकडं जा, यात काय होतं ते विचारून या," मॅडम म्हणाल्या. "मी दवाखान्यातनं डॉक्टर बोलावते. पळा!"

मोटरसायकलला चार किका मारल्या. मंग ध्यानात आलं, किल्ली खिशातच हाय. फाट्यावर ट्रेलर अडकले व्हते, नव्या गाड्या भरलेले. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना. आन् तिथं उभा असताना मला आठवलं. परवा बागेतला एक टोमॅटो मीच तोडून पोरीला दिला व्हता, शर्टाला पुसून. म्हणलं व्हतं, "खा, बापाच्या हातचा हाय." आज सकाळी ती म्हणत व्हती, पोट दुखतंय. मी म्हणलं, गणिताची परीक्षा असंल, चल ऊठ.

मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून शिव्या देत व्हता. मला त्या शिव्या बरोबरच वाटल्या.

भंगारवाला चहा पीत व्हता. "ते व्हय? कंपनीच्या कूलिंग टॉवरचं औषध, राव. पाण्यात शेवाळ व्हऊ नये म्हणून घालतात."

"माणसाला काय करतं?"

"माणसाला कशाला घालतील?"

"धुतलं व्हतंस का पण?"

"पाणी मारलं की वरनं. आन् भाऊ, तू तर तोंड घालून बघितलंस. मला वाटलं, तुला कळतंय."

परत आलो तर डॉक्टर आल्या व्हत्या. पोरं व्हरांड्यात रांगेनं बसलेली, डॉक्टर जीभ बघतायत, डोळे बघतायत. पोरांना मजा वाटत व्हती. एक पोरगं खोकलं आन् मी खांब धरला. माझी पोरगी शेवटाला बसली व्हती. तिनं मला हात केला. मला हात वर करवला न्हाई.

मी औषधाचं सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, "पालक किती घातला होता?" मॅडमनी खिचडीवाल्या मावशीला हाक मारली. मावशी गावातल्याच, पदर खोचलेल्या, हात ओले.

"बागेतला? एक पान न्हाई घातलं. त्या बॅरलला कसली घाण येती! मी माझ्या वावरातला पालक आणते रोज."

"मग बागेतला कुठं जातो?" मॅडमनी विचारलं.

"खत खड्ड्यात."

खड्ड्यात रोज ताजा पालक मला दिसायचा. मी समजत व्हतो, खत एवढं भारी झालंय की खड्ड्यातच उगवतोय.

सगळी पोरं सुटली. माझी सुटली न्हाई. टोमॅटोचं मी सगळ्यांसमोर सांगितलं, खाली बघून. डॉक्टरांनी तिचं पोट दाबलं, जीभ परत बघितली, लई प्रश्न विचारले. म्हणाल्या, "आत्ता तरी ठीक वाटतंय. दोन दिवस लक्ष ठेवा. उलटी झाली तर थेट पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात न्या."

ते दोन दिवस मी तिच्या मागंमागं फिरलो. ती शिंकली तरी मी उठून उभा राहायचो. शेवटी ती आईला म्हणली, "बाबांना सांग ना, लांब बसायला."

पोरीला काही झालं न्हाई. बॅरल ज्या कंपनीचं व्हतं, तिचीच माणसं येऊन पाण्यासकट घेऊन गेली. बाग उपटली, वाफ्यातली मातीबी काढली. तिसऱ्या दिवशी पोरगी मैदानात पळताना दिसली आन् माझ्या अंगात परत वारं आलं. गेलो खिचडीच्या खोलीच्या दारात.

"मावशी, एवढं कळत व्हतं, तर मला एका शब्दानं सांगायचं की!"

मावशीनं पातेल्यातनं मान वर केली न्हाई.

"सांगितलं व्हतं की, पहिल्याच दिवशी, बॅरलला घाण येती म्हणून. तू जोक करून उडवून लावलंस."